‘मी विश्वास ठेवतो’ म्हणजे नेमके काय?

राणीसावरगावच्या रेणुकामातेच्या दर्शनाला आलेल्या भाविकाला ‘तुझा विश्वास नेमका कशावर आहे, तो चार वाक्यांत सांग’ असे कोणी विचारीत नाही. ओटी भरली, नवस फेडला, की त्याचे देवीशी असलेले नाते पुरेसे स्पष्ट होते. परभणी जिल्ह्यातील हे गाव ज्या तालुक्यात मोडते, ते गंगाखेड संत जनाबाईंचे. जनाबाईंच्या वारकरी परंपरेतही गळ्यातील माळ, एकादशी आणि पंढरीची वारी यांवरून वारकरी ओळखला जातो. ईश्वराच्या स्वरूपाविषयीची एखादी संहिता त्याने तोंडपाठ म्हणून दाखवावी, अशी अट कोणी घातलेली नाही. मराठी मुलखात धर्म प्रामुख्याने आचारातून आणि उपासनेतून ओळखला गेला. कोणते विधान मान्य आणि कोणते अमान्य, ही चर्चा शास्त्री-पंडितांच्या सभेपुरती राहिली.

याच मुलखातील ख्रिस्ती उपासनामंदिरात मात्र रविवारी वेगळे दृश्य दिसते. कॅथलिक मिस्सेत प्रवचन संपले, की सारे उभे राहतात आणि एका सुरात काही ठरलेली वाक्ये म्हणतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, म्हणजे ‘सीएनआय’च्या मंडळ्यांतही हाच प्रघात आहे. ही वाक्ये म्हणजे प्रार्थना नव्हे, कारण त्यांत काहीच मागितलेले नसते. ती आरती किंवा स्तुतीही नव्हे. ‘माझा विश्वास अमुक गोष्टींवर आहे’ असे ते जाहीर निवेदन होय. मराठी ख्रिस्ती समाजात त्याला ‘विश्वासांगीकार’ म्हणतात. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी होती. त्यांतील मोठ्या वर्गाला हे निवेदन लहानपणापासून मुखोद्गत असते.

या निवेदनांपैकी सर्वात महत्त्वाच्या, म्हणजे निकेयाच्या विश्वासांगीकाराला २०२५ मध्ये १७०० वर्षे पूर्ण झाली. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे ऑर्थोडॉक्स धर्मप्रमुख बार्थोलोम्यू यांनी तुर्कस्तानातील इझनिक येथे, म्हणजे प्राचीन निकेया येथे, एकत्र प्रार्थना केली. जवळजवळ हजार वर्षे दुभंगलेल्या दोन परंपरांचे प्रमुख ज्या मजकुरापाशी एकत्र उभे राहू शकतात, तो मजकूर निव्वळ जुना कागद नाही हे उघड आहे. प्रश्न मात्र उरतोच. चौथ्या शतकातील ग्रीक वाद मिटविण्यासाठी रचलेली वाक्ये आजच्या मराठी माणसाने ‘मी’ म्हणून उच्चारावीत, याचा अर्थ काय?

एका शब्दासाठी

इ. स. ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया येथे बिशपांची परिषद बोलाविली. परंपरेने त्यांची संख्या ३१८ सांगितली जाते. प्रत्यक्षात ती काहीशी कमी असावी, असे अभ्यासक मानतात. वादाचे मूळ इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरात होते. तेथील एरियस नावाचा धर्मगुरू शिकवीत होता, की देवपुत्र हा सर्व सृष्टीच्या आधीचा आणि सर्वांहून श्रेष्ठ असला, तरी तो निर्माण केला गेलेला आहे. तो नव्हता, असाही एक क्षण होता. बिशप अलेक्झांडर आणि त्यांचा तरुण सहायक अथनासियस यांचे म्हणणे उलट होते. जो स्वतः निर्मिलेला आहे तो इतर निर्मितांना तारू शकत नाही. तारणारा देवच असला पाहिजे. परिषदेने एरियसच्या विरोधात निर्णय दिला आणि पुत्र हा पित्याशी ‘होमोऊसियॉस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे, असा शब्द विश्वासांगीकारात घातला. हा शब्द बायबलमध्ये नाही, ही तक्रार त्या वेळीही झाली होती.

सम्राटाने राजकीय सोयीसाठी येशूला देव ठरवून घेतले, अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने तिला जगभर पोहोचविले. बायबलमध्ये कोणते ग्रंथ असावेत हे निकेयात ठरले, असेही सांगितले जाते. ही दुसरी गोष्ट सरळच चुकीची आहे; तो विषय परिषदेपुढे नव्हता. पहिली गोष्टही इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. येशूची उपासना निकेयाच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती आणि एरियसही त्याला सामान्य माणूस मानीत नव्हता. शिवाय परिषदेनंतर सम्राटाचा कल बदलला. कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला, तो एरियसच्या बाजूने झुकलेल्या बिशपाच्या हातून. पुढच्या काळात राजसत्ता बराच काळ एरियसपंथीयांच्या पाठीशी राहिली आणि निकेयाचा पक्ष धरणाऱ्या अथनासियसला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. राजाज्ञेने जन्मलेले हे सूत्र टिकले, ते मात्र राजाची मर्जी फिरल्यावरही.

आज म्हटला जातो तो मजकूर ३२५चा जसाच्या तसा नव्हे. ३८१च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडलेले हे विस्तारित रूप असून पवित्र आत्म्याविषयीचा भाग त्यात वाढविलेला आहे. पुढे पश्चिमेकडील चर्चने पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो या वाक्यात ‘आणि पुत्रापासून’ अशी भर घातली. पूर्वेकडील चर्चला न विचारता केलेली ही भर १०५४च्या फाटाफुटीच्या कारणांपैकी एक ठरली.

‘प्रेषितांचा विश्वासांगीकार’ नावाचे दुसरे सूत्र अधिक आटोपशीर आहे. बारा प्रेषितांनी प्रत्येकी एक वाक्य देऊन ते रचले, ही आख्यायिका होय. वस्तुतः रोममध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नोत्तरांतून ते हळूहळू आकाराला आले आणि त्याचा सध्याचा पाठ साधारण आठव्या शतकातील आहे. प्राचीन काळी बाप्तिस्मा घेऊ इच्छिणाऱ्याला हे सूत्र लिहून दिले जात नसे. ते ऐकून पाठ करावे लागे आणि ठरलेल्या दिवशी मंडळीपुढे म्हणून दाखवावे लागे. गुरूकडून मंत्र घेण्याची पद्धत ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. फरक एवढाच, की येथे मंत्र गुप्त ठेवून जपायचा नसून, अखेरीस चारचौघांत मोठ्याने सांगायचा असे.

या दोन्ही सूत्रांत एका रोमन अधिकाऱ्याचे नाव येते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. पंतय पिलात हा इ. स. २६ ते ३६ या काळात यहुदा प्रांताचा प्रशासक होता. त्याच्या अमलात येशूला क्रुसावर दिले गेले, एवढ्यासाठीच तो जगाच्या स्मरणात राहिला. देव, स्वर्ग, अनंतकाळ अशा शब्दांच्या मालिकेत एका सरकारी अधिकाऱ्याचे नाव का असावे? सूत्रकारांना सांगायचे होते, की ही घटना पुराणकाळात घडलेली नाही. अमुक राजवटीत, अमुक अधिकाऱ्याच्या हुकमाने घडली आहे.

पंडिता रमाबाईंचा आक्षेप

विश्वासांगीकाराच्या अर्थाशी ज्या मराठी व्यक्तीने सर्वांत प्रामाणिकपणे झुंज दिली, ती म्हणजे पंडिता रमाबाई. संस्कृतच्या या विदुषीने २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रश्न संपले, अशी तेथील सिस्टर मंडळींची अपेक्षा असावी. रमाबाईंचे प्रश्न तेथून सुरू झाले. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममातेला त्या ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंनी १८८५च्या सुमारास केलेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. धर्मांतराच्या इतिहासात इतका निर्भीड दस्तऐवज विरळाच.

रमाबाईंना त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असे तीन आणि तरीही एकच देव, ही मांडणी पटत नव्हती. कुमारी मातेपोटी झालेल्या जन्माविषयी त्यांना शंका होती. त्या काळी अँग्लिकन प्रार्थनापुस्तकानुसार वर्षातील १३ दिवशी अथनासियसच्या नावाने ओळखले जाणारे तिसरे सूत्र म्हटले जाई. ते अथनासियसने लिहिलेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर बऱ्याच काळाने लॅटिनमध्ये रचले गेले. त्रैक्याची अत्यंत काटेकोर व्याख्या त्यात आहे आणि ती न मानणाऱ्याचा नाश होईल, असा इशाराही आहे. ज्या स्त्रीने आपल्या पूर्वजांच्या शास्त्रातील धमक्या झुगारून दिल्या होत्या, तिने नव्या धर्मातील धमकी मुकाट्याने का मानावी? आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद झालो आहोत, पाद्री-बिशपांच्या प्रत्येक शब्दाचे बंधन स्वीकारलेले नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. बायबल स्वतः वाचून जे पटेल तेवढेच आपण म्हणू, हा त्यांचा आग्रह होता.

गळ्यात घालण्याच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, यालाही त्यांचा विरोध होता. आपल्याला न समजणाऱ्या लॅटिनपेक्षा संस्कृत काय वाईट, असा त्यांचा सवाल होता. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या वादात खरा मुद्दा दडलेला आहे. जे आपण स्वतःच्या तोंडाने म्हणायचे, ते आपल्या भाषेत आणि आपल्या समजुतीत आधी उतरले पाहिजे.

रमाबाई पुढे येशूच्या देवत्वाच्या श्रद्धेपर्यंत पोहोचल्या. त्या प्रवासात नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा उपयोग झाल्याचे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. नेहेम्या म्हणजे मूळचे नीळकंठशास्त्री गोरे. काशीच्या शास्त्रार्थाच्या वातावरणात वाढलेल्या या चित्पावन पंडिताने १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतला होता. एका मराठी शास्त्र्याच्या युक्तिवादाने जे साधले, ते इंग्लंडमधील सिस्टरांच्या आर्जवाने साधले नाही. तरीही निव्वळ सिद्धान्ताच्या स्वीकारावर रमाबाई समाधानी नव्हत्या. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आलेल्या आंतरिक अनुभवाला त्या खरा कलाटणीचा क्षण मानीत. आधी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नंतर सापडला, असा त्यांच्या आत्मनिवेदनाचा सूर आहे. केडगावचे मुक्ती सदन त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही. उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ते भाषांतर पूर्ण स्वरूपात १९२४ मध्ये बाहेर पडले.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मार्ग वेगळा होता. त्यांनी सूत्रांशी भांडण मांडले नाही; अभंग लिहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली, तीत बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना स्थान होते. विश्वासांगीकार हा ज्या चर्चच्या उंबरठ्यावरचा प्रश्न, तो उंबरठाच त्यांनी थोडा बाजूला सरकवला, असे म्हणता येईल. दोन वर्षांत टिळकांचे निधन झाले आणि तो प्रयोग पुढे वाढला नाही.

भाषेची अडचण

विश्वासांगीकार मराठीत आणणे म्हणजे केवळ शब्दकोश उघडणे नव्हे. ‘अवतार’ हा तयार शब्द हाताशी असूनही बहुतेक भाषांतरकारांनी ‘देहधारण’ या वळणाची रचना पसंत केली. अवतार अनेक असतात आणि कार्य संपले की ते समाप्त होतात. निकेयाचे सूत्र मात्र एकदाच घडलेल्या आणि मागे न घेतलेल्या मानव होण्याविषयी बोलते. ‘एकतत्त्व’ म्हटले, की अद्वैत वेदान्त ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला जीव आणि ब्रह्म यांचे ऐक्य आठवते. निकेयाला अभिप्रेत आहे ते पिता व पुत्र यांचे ऐक्य. निर्माता आणि निर्मित यांच्यातील रेषा तर त्याला अधिक ठळक करायची आहे. म्हणजे एरियसच्या विरोधात नेमका असलेला शब्द मराठीत आल्यावर भलत्याच दिशेने सैल होण्याची भीती. ‘देहाचे पुनरुत्थान’ हेही असेच. आत्मा अमर आणि देह वस्त्रासारखा, हे ज्या समाजाच्या कानात बसलेले आहे, त्याला देहच पुन्हा उठेल हे विधान आजही चमत्कारिक वाटते. ग्रीकांनाही ते तसेच वाटले होते.

या मातीत ख्रिस्ती श्रद्धा सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न सूत्ररूपाने झालाच नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते सुमारे ११ हजार ओव्यांत. गोव्यातील राशोल येथे ते १६१६ मध्ये छापले गेले. त्यांचेच कोंकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ मध्ये निघाले. कथा मराठीत आणि शिकवणीची प्रश्नोत्तरे कोंकणीत, अशी ही विभागणी मोठी सूचक आहे. वसईच्या कॅथलिकांना तर १९६२ ते १९६५ दरम्यानच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मिस्सेतील हे निवेदन लॅटिनमध्येच ऐकावे लागे. आजच्या पिढीला ते आपल्या भाषेत समजते. समजले की शंकाही येतात, ही त्याची दुसरी बाजू.

नागपूरची तडजोड

प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुढचा पेच निराळा होता. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री स्कॉटिश फ्री चर्चचे. प्रत्येकाने आपापल्या देशातील भांडणांची कागदपत्रे बरोबर आणली होती. त्यांचे ओझे भारतीय ख्रिस्ती लोकांनी किती वाहावे, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या भारतातील प्रेस्बिटेरियन चर्चने सतराव्या शतकातील विस्तृत वेस्टमिन्स्टर जाहीरनाम्याऐवजी केवळ १२ कलमांचे स्वतःचे निवेदन स्वीकारले.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. अँग्लिकन मंडळी पिढ्यान्‌पिढ्या विश्वासांगीकार म्हणत आलेली. बॅप्टिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट यांची धारणा उलट होती. ख्रिस्त आणि बायबल पुरेसे आहेत. माणसांनी रचलेले सूत्र अट म्हणून लादले, की ते फूट पाडते, असे ते मानीत. त्यांच्या पूर्वजांनी युरोपात अशा अटींपायी छळ सोसला होता, हे विसरता येत नाही. तरीही संयुक्त चर्चने प्रेषितांचा आणि निकेयाचा असे दोन विश्वासांगीकार स्वीकारले. अथनासियसच्या नावाचे, रमाबाईंना खुपलेले सूत्र त्यांत नाही. १९४७ मध्ये साकार झालेल्या दक्षिण भारतातील एकीकरणाच्या योजनेत तर स्पष्ट खुलासा होता: सूत्रांतील मूलभूत सत्ये मान्य करावीत, पण प्रत्येक शब्दाला प्रत्येक व्यक्तीने मान डोलवावी अशी मागणी नाही, अर्थ लावण्याचे वाजवी स्वातंत्र्य राहील.

या खुलाशावर दोन्ही बाजूंनी टीका होऊ शकते. शब्द म्हणायचा, पण तो पूर्ण मानायचा नाही, हा दुटप्पीपणा नव्हे काय, असे एक जण विचारील. एवढी सवलत दिल्यावर मग सूत्र हवेच कशाला, असे दुसरा विचारील. शहरांतून वाढलेल्या अनेक स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले आहे. त्यांच्या उपासनेत गीत, साक्ष आणि प्रार्थना यांना प्राधान्य असते. विश्वासांगीकार क्वचितच ऐकू येतो. मात्र सूत्र न म्हणणाऱ्या मंडळीतही काय मानावे याचा निर्णय कोणीतरी करीतच असते. तो लिखित मजकुराऐवजी पाळकाच्या शब्दावर अवलंबून राहतो. जुन्या सूत्राला निदान वादविवादाचा, दुरुस्तीचा इतिहास आहे, आणि ते पाळकालाही तितकेच बांधून ठेवते.

निकेयाच्या मूळ ग्रीक मजकुराची सुरुवात ‘आम्ही’ने होते. प्रेषितांच्या सूत्राची सुरुवात ‘मी’ने. कारण पहिले परिषदेचे निवेदन, दुसरे बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या एकेका माणसाचे उत्तर. रविवारच्या उपासनेत हे दोन्ही अर्थ मिसळतात. ज्याला एखादे वाक्य आज जड वाटते, त्याचा आवाज इतरांच्या आवाजात सामावून जातो. पुढच्या वर्षी दुसऱ्याची वेळ असते. रमाबाईंना ही सवलत मान्य झाली असती काय, याविषयी शंकाच आहे.

अशी सवलत चालत नाही, असा एक प्रसंग मात्र आहे. अर्भकाचा बाप्तिस्मा होतो, तेव्हा आईवडील आणि धर्ममातापिता त्याच्या वतीने विश्वास प्रकट करतात. कॅथलिक आणि अँग्लिकन परंपरेत तेच मूल मोठे झाल्यावर दृढीकरणाच्या विधीला बिशपांपुढे उभे राहते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्याविषयी एकेक प्रश्न विचारला जातो, आणि या वेळी उत्तर त्याने स्वतःच द्यायचे असते.